नकाशाची खालची वीत

आमच्या इंग्लंडातल्या, मेडनहेडच्या घरात टेबल एकच होतं. त्याच्यावरच जेवायचं, त्याच्यावरच मी होमवर्क करायचे, त्याच्यावरच मम्मी कौन्सिलची पाकिटं फोडायची. त्या उन्हाळ्यात आबा आले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ते टेबल सरळ बळकावलं. आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. तालुक्याच्या हायस्कुलात चाळीस वर्षं चित्रकलेचे मास्तर होते. आजी गेल्यावर पप्पांनी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आणलं होतं. टेबलावर त्यांनी दोन मोठे कागद जोडून अंथरले आणि चार कोपऱ्यांवर छोल्यांचे डबे ठेवले. मग आम्ही सगळे सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवायला लागलो. कार्पेटवर आमटीचा थेंब पडला की मम्मी "झालं! गेलं घरमालकाकडचं डिपॉझिट" म्हणायची, पण आबांना टेबल रिकामं करा असं म्हणायची तिची काय टाप होती! आबा आपले खाली मान घालून पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढत बसलेले. शार्पनरला ते हात लावत नसत. घरामागून पॅडिंग्टनची गाडी गेली की खिडकीची काच थरथरायची, आणि ते पेन्सिल उचलून गाडी जाईपर्यंत थांबायचे. मग पुन्हा कागदावर खसखस सुरू. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि ऐकू आला की मी जिथे असेन तिथे माझी मान खाली जाते. का, तेच सांगायला बसले आहे. हे प्रकरण टाळून माझ्या आठवणींचं बाकीचं सगळं लिहून झालं होतं. मुलगी म्हणाली, "आई, मधलं एक वर्ष कुठे गेलं?" पोरीचं लक्ष बारीक आहे.

आबांसाठी ज्वारीचं पीठ वेम्बलीहून यायचं. महिन्यातून एका रविवारी पप्पा तिथल्या ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांत जाऊन दहा किलोची पिशवी आणायचे, आणि तिच्यासोबत सुकट. आमच्याकडे सुकट म्हणजे सण. तव्यावर ती कोरडी भाजली, वर कांदा, लसूण आणि तिखट पडलं की सगळं घर खोकायला लागायचं आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा. मग माझं काम ठरलेलं. खुर्चीवर चढून टॉवेल फिरवायचा. आबा हसून म्हणायचे, "पोरी, तुझ्या इंग्लंडला आमची सुकट सोसंना बघ!" पण मम्मी हसायची नाही. ती पुढची, मागची, वरची, सगळ्या खिडक्या उघडायची, पडद्यांवर स्प्रे मारायची, आणि कोणी मराठी माणूस यायचा असला की दोन दिवस आधीपासून सुकट बंद. गोऱ्या शेजाऱ्यांना वास येईल याची तिला फिकीर नव्हती हो, त्यांना काय, सगळाच वास सारखा. तिला भीती होती आपल्याच माणसांची. त्यांना वासावरून घर ओळखता येतं. तिचं एक पालुपद होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बैठकीत आमच्याकडे टीव्ही, काचेची बदकं आणि माझं पोहण्याचं सर्टिफिकेट. निळ्या काठाच्या चौकटीतला तो फोटो, ज्याला आबा रोज सकाळी अंघोळ करून हात जोडायचे, तो वरच्या बेडरूममध्ये, दाराच्या मागे. तो कोणाचा ते सांगायला नको.

मराठी माणूस परदेशात दुसऱ्या मराठी माणसाला भेटला की पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न येतात. आडनाव काय, मूळचे कुठले, आणि मग सहज विचारल्यासारखं, गावात घर कुठे? पहिल्या दोन प्रश्नांनी काम भागलं नाही तर तिसऱ्यानं भागतं. आमचं आडनाव तसं कुठल्याही घरात सापडणारं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला आम्ही पास व्हायचो. दुसऱ्याला पप्पांनी शिकवलेलं उत्तर होतं, "नाशिकचे." तिसरा प्रश्न यायच्या आत, "काकू, ही भजी तुम्ही केलीत? काय कुरकुरीत झालीत!" म्हणायचं. मी नऊ वर्षांची असताना हे शिकले आणि चौदाव्या वर्षापर्यंत त्यात तरबेज झाले होते. कोणी कधी आम्हाला वाईट वागवलं होतं का? नाही. मराठी मंडळातले लोक चांगलेच होते, जीव लावणारे होते. म्हणून तर भीती. माझी जिवाभावाची मैत्रीण सायली जोगळेकर मंडळातलीच. दर शनिवारी मी तिच्याकडे, नाहीतर ती माझ्याकडे. शाळेत आम्हा दोघींना 'द ट्विन्स' म्हणायचे. ती माझ्याकडे एक दिवस वेगळ्या नजरेनं बघेल, या विचारानं ती यायची असली की मी वरच्या बेडरूमचं दार लावून घ्यायचे.

आणि आबांनी सगळं एका वाक्यात घालवलं. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणाला, आम्ही त्यांना नेलं होतं. सायलीची आई, आमच्या जोगळेकर काकू, म्हणजे मंडळाचा कणाच. हॉल बुक करण्यापासून तळणाचं तेल गाळण्यापर्यंत सगळं त्यांच्या अंगावर. त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका, मूळचे कुठले तुम्ही?" मी भज्यांकडे हात नेला, पण आबा मोकळे. "हद्दीची सांगवी," म्हणाले. काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. "अय्या! हद्दीची सांगवी? अहो, ती तर आमच्या दिवाणसाहेबांची सांगवी!"

हे दिवाणसाहेब म्हणजे काकूंचे पणजोबा. एका छोट्या संस्थानाचे कारभारी होते. शाळा काढल्या, तळी बांधली, गोऱ्या साहेबांसमोर बसून संस्थानच्या बाजूनं वाटाघाटी केल्या. मोठा माणूस, त्यात खोटं काही नाही. त्यांचं लहानपण गेलं ते संस्थानच्या अगदी टोकाला, सांगवीत. तिथे एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडे मैलभरावर दुसऱ्याचं राज्य. काकूंच्या घराण्यातलं कोणी दोन पिढ्यांत तिकडे फिरकलेलं नव्हतं. काकूंनी गाव पाहिलेलंच नव्हतं. ऑक्टोबरात मंडळाचा वार्षिक मेळावा होता आणि त्यात 'आपली गावं, आपली माणसं' असं प्रदर्शन. आबा चित्रकलेचे मास्तर आहेत हे कळल्यावर काकूंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, मला दिवाणसाहेबांच्या वेळच्या सांगवीचा नकाशा काढून द्या. चित्रांचा. झाडं, विहिरी, सगळं. माझ्यासाठी एवढं कराल?" त्यांचे डोळे भरून आले होते. आबा म्हणाले, "काढतो की." घरी येताना गाडीत पप्पा म्हणाले, "आबा, नाशिक सांगायचं ठरलं होतं ना?" आबा म्हणाले, "नाशकाचा नकाशा मला येत न्हाई."

आबांच्या दोन भाषा होत्या. बाहेर शाळेतली, एकेक अक्षर कोरल्यासारखी. घरात आईच्या तोंडची. नकाशा काढताना ते दुसऱ्या भाषेत बोलायचे. त्यांची काम करायची तऱ्हाही मी कुठे पाहिलेली नव्हती. ते अंतर पावलांत धरायचे, आणि पावलं त्यांची नव्हती, त्यांच्या वडलांची होती. "वेशीपासनं नाक्यापतूर तीनशे पावलं. आमचा बा लांब टांगा टाकायचा, म्हंजी तुझी पाचशे होतील." माझे पणजोबा गावाचे हद्दीचे राखणदार. कुठल्या शेताचा दगड कुठे पुरलाय, दोन राज्यांची शीव कुठल्या बाभळीखालून जाते, हे सगळं त्यांच्या डोक्यात. सर्व्हेवाले साहेब आले की साखळीचं टोक धरून पुढे चालायला तेच. गावाचा नकाशा झाला तो त्यांच्या पायांवर. तो पुढे चावडीत लावला. आबा सात-आठ वर्षांचे असताना त्यांनी चावडीच्या पायरीखाली उभं राहून, टाचा उंच करून त्यात आपलं घर शोधलं. घर नव्हतं. नकाशा ओढ्यापाशी संपत होता. ओढ्याच्या खालची अकरा घरं कोणी मोजलीच नव्हती. "बा साखळी धरून दिसभर उन्हात फिरला, आन् त्याचं सोताचं घर कागदावर न्हाई," आबा म्हणाले. "तवाच म्हणलं, एक नकाशा आपुन काढायचा." मग ब्लेड खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, "आता काढतोय. त्यांच्याच माणसांनी मागितलाय, त्यांच्याच भिंतीला लागंल, आन् त्यात आपलं घर आसंल. ह्याच्यापरीस काय पायजे?"

म्हणजे मला माहीत होतं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, मला कळलं नव्हतं. कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

दीड महिना ते काम चाललं. वर डोंगर आणि डोंगरावर चांगलं ऐसपैस मोकळं आभाळ. त्याच्याखाली गाव. जकातीचा नाका, तिथे अडवलेल्या बैलगाड्या, बाजाराचा पार, तीन विहिरी, चिंचेची झाडं. मधोमध दिवाणसाहेबांचं घर. पण ते मागच्या बाजूनं काढलेलं. गोठा, सरपणाचा ढीग, मागचं दार. काकू एकदा बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, दर्शनी बाजू नाही घेतली?" आबा शाळेतल्या भाषेत म्हणाले, "मी जी बाजू पाहिली, ती काढली, ताई." काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "हो का? छान छान," म्हणाल्या आणि मम्मीनं केलेला शिरा आणखी मागून घेतला. खालचा भाग तेव्हा कोरा होता. तो आबांनी सगळ्यात शेवटी घेतला. ओढ्याच्या खाली अकरा घरं, आणि आख्ख्या नकाशात चेहऱ्याची माणसं होती ती फक्त तिथे. ओढ्याच्या वर कोणाला चेहरा नव्हता. खाली एकेकाला नाक, डोळे, डोक्याला मुंडासं. पणजोबा घुंगरांची काठी घेऊन उभे. आणि त्या सगळ्यावर आबांच्या मोत्यासारख्या अक्षरात, स्वच्छ, काळ्या शाईत लिहिलेलं, महारवाडा.

मम्मी भाकऱ्या थापत होती ती पिठाच्या हातानंच बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली. "आबा, सुरेख झालंय," म्हणाली. "पण ते... नाव नाही घातलं तर?" आबांनी विचारलं, "का गं?" ती पुन्हा आत गेली. तवा तापून अलार्म वाजायला लागला तरी ती तशीच उभी होती. मीच टॉवेल घेऊन धावले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

काकूंनी घरातली एक मोठी जुनी फ्रेम दिली होती. नकाशा तिच्यात बसवून आणायचा होता. पप्पा सोमवार ते शुक्रवार ब्रिस्टलला क्लायंटकडे, मम्मीची केअर होममध्ये शिफ्ट, आणि आबांना सर्दीनं ताप भरलेला. मी म्हटलं, मी नेते. फ्रेमवाल्याचं दुकान हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, घरापासून दहा मिनिटांवर. आबांनी पांघरुणातून हात काढून फ्रेमला पट्टी लावली आणि म्हणाले, "वीतभर कमी पडतिया. त्याला सांग, वरचं आभाळ काप. आभाळाला काय व्हत न्हाई." फ्रेम आणि गुंडाळी घेऊन मी निघाले. खरं सांगते, घरातून निघाले तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. रस्ता ओलांडताना आलं.

दुकानात एक म्हातारा इंग्लिश माणूस होता, कानावर पेन्सिल खोचलेला. त्यानं नकाशा उलगडला आणि "ओ माय वर्ड" म्हणून चष्माच बदलला. बराच वेळ बघून म्हणाला, हे कोणी काढलं? मी म्हटलं, माय ग्रँडडॅड. मग त्यानं फ्रेम मोजली आणि स्वतःहूनच म्हणाला, वरचं आभाळ घेतो, काही बिघडणार नाही. मी म्हटलं, "नो. फ्रॉम द बॉटम." त्याला वाटलं मी चुकले. त्यानं बोट ठेवून दाखवलं, इथून? ही माणसं जातील मग. सगळ्यात सुंदर तर तेच आहे. "आर यू शुअर, लव?" त्या क्षणी मला नाही म्हणता आलं असतं. कोणी पाठीमागे उभं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त सायली आली, काळ्या शाईतलं ते एक नाव वाचताना. मी म्हटलं, "यस. ही टोल्ड मी टु." आबांनीच सांगितलंय, असं मी म्हणाले! त्याच्या मोठ्या पट्टीच्या कटरचं पातं एकदा खाली आलं आणि ओढ्याच्या खालचं गाव वेगळं झालं. कापलेला तुकडा त्यानं नीट गुंडाळून, रबर लावून माझ्या हातात दिली. म्हणाला, जपून ठेव. स्टेशनजवळ पेपर रिसायकलिंगची मोठी निळी पेटी होती. तिच्यात तो टाकताना मी इकडेतिकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं.

फ्रेम ब्राऊन पेपरमध्ये बांधून आली आणि तशीच काकूंकडे गेली. आबा म्हणाले, "आता एकदम तिथंच बघू." ताप उतरल्यावर आबांनी सूटकेसमधून कोट काढून गच्चीत वाळत घालावा तसा मागच्या दोरीवर टांगला. पुढचे चार दिवस मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं. ते आपले विचारत होते, "पोरी, शाळंत काय झालं का?" मनातल्या मनात मी हिशेब मांडला होता. आबांची नजर कमजोर आहे, गर्दी असेल, कोणाच्या लक्षात येणार नाही, आले तसे डिसेंबरात परत जातील. मूर्खपणा म्हणावा तर तोसुद्धा किती! चाळीस वर्षं मुलांच्या चित्रांवर लाल शाईनं खुणा करणाऱ्या माणसाच्या लक्षात येणार नाही म्हणे.

मेळावा एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आत पाऊल टाकलं की मसालेभाताचा वास आणि लहान पोरांचा कालवा. एका भिंतीला रांगेनं गावं लावलेली. कोणी फोटो आणलेले, कोणी पितळी भांडी मांडलेली. मधोमध आबांचा नकाशा, खाली झेंडूची माळ, बाजूला दिवाणसाहेबांची तसबीर. लोक खरंच थक्क झाले होते. काकू आबांना हाताला धरून घेऊन आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हे बघा आमचे गाववाले काका! ह्यांनी काढलाय!" टाळ्या झाल्या. आबा हात जोडून उभे, कोटाची सगळी बटणं लावलेली. मी सायलीच्या शेजारी, चार पावलांवर. आणि मग काकूंनी अगदी प्रेमानं विचारलं, "काका, आता तुमचं घर दाखवा ना आम्हाला."

आबांनी चष्मा चढवला आणि वाकले. त्यांचं बोट वेशीपासून निघालं, पारावरून, चिंचेखालून, ओढ्यापर्यंत आलं आणि फ्रेमच्या लाकडावर टेकलं. तिथेच थांबलं. मग त्यांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. ते सगळंच्या सगळं जागेवर होतं. मग वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात कोणी चित्र चुकवलं की मास्तर कोणाचं आहे ते बघतात ना, तसं. मी माझ्या बुटांकडे बघायला लागले.

"माझं घर ओढ्याच्या खाली," आबा म्हणाले. शाळेतली भाषा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "महारवाड्यात. अकरा घरं होती. ती इथे यायला हवी होती. पण कागद कमी पडला. चूक माझी."

कोणाला कुठे बघावं कळेना. जोगळेकर काका तसे विनोदी स्वभावाचे, त्यांनी प्रसंग निभावायला म्हटलं, "पण काका, आभाळ मात्र भरपूर सोडलंय हं!" आणि सगळे सुटल्यासारखे हसले. आबाही हसले. "हो," म्हणाले, "अंदाज चुकला." पाचवीतल्या पोराला पहिल्या तासाला शिकवतात, की आधी कागद मोजा, मग पेन्सिल उचला. आबांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना हेच शिकवलं होतं. तो माणूस शंभर लोकांपुढे म्हणत होता, माझा अंदाज चुकला, आणि लोक त्याला हसत होते, आणि मी चार पावलांवर उभी राहून त्यांना हसू दिलं. काकू घाईघाईनं म्हणाल्या, "अहो काका, आम्ही असलं काही मानत नाही हं. अजिबात नाही. चला, जेवायला चला." त्या मनापासून बोलत होत्या असं मला आजही वाटतं. पप्पा "गाडी बघून येतो" म्हणून बाहेर गेले ते जेवणं होईपर्यंत आलेच नाहीत. सायलीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "वॉट्स महारवाडा?" मी म्हटलं, "आय डोन्ट नो."

पुढे काय झालं असं लोक विचारतील, तर काही झालं नाही. सायली माझी मैत्रीण राहिली, आजही आहे. पॉटलकला आम्हाला बोलावणं येत राहिलं. फक्त मम्मीला पुढे दरवेळी "तुम्ही प्लेट्स आणि नॅपकिन आणा, उगीच दगदग नको," असं सांगायला लागले. त्यामागे काही होतं की नव्हतं, देव जाणे. मम्मीनं मात्र तिसऱ्या खेपेला प्लेट्ससोबत न विचारता सुकटीची चटणी नेली, आणि ती सगळ्यात आधी संपली. ज्या बागुलबुवाच्या भीतीनं मी ते केलं, तो एवढाच होता. एवढाच! पण हे सांगून माझं पाप हलकं होत नाही. तो मोठा असता तरी मी केलं ते तितकंच वाईट असतं.

परतताना गाडीत पुढे मम्मी-पप्पा, मागे मी आणि आबा. मांडीवर मंडळानं सत्काराला दिलेली शाल आणि नारळ घेऊन ते बाहेर बघत होते. मोटरवेला लागेपर्यंत मी धरून ठेवलं, मग माझा बांध फुटला. म्हटलं, "आबा, मी कापलं. त्यानं विचारलं होतं मला. मीच सांगितलं खालून काप." मम्मीनं गर्रकन मागे पाहिलं. पप्पांनी गाडीचा वेग कमी केला. आबा म्हणाले, "ठाव हाय."

"तुम्ही सांगितलं का नाही त्यांना? तुम्हाला हसले ते."

"हसू दे. त्यांच्यासमोर तुझं नाव घिऊ व्हय?" मग बाहेर बघत त्यांनी विचारलं, "तुकडा हाय का?"

"नाही. टाकला."

त्यांनी मान हलवली. हातातला नारळ उगीच एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "सरकारनं न्हाई घेतलं, गावानं न्हाई घेतलं," ते म्हणाले. "त्याचं काय वाटत न्हवतं गं पोरी. ती परकी मानसं. तू घरची." आवाज चढलेला नव्हता. ओरडले असते, एक ठेवून दिली असती, तर मी आज हे लिहायला बसले नसते. मी हुंदके देत "सॉरी आबा, सॉरी आबा" म्हणत राहिले आणि ते ऐकत राहिले. बरं, असू दे, असं काही म्हणाले नाहीत. म्हणायला नकोच होतं.

मम्मीनं पुढून पाण्याची बाटली मागे दिली, आबांसाठी. सकाळपासून ते बोलत होते, घशाला कोरड पडली होती. त्यांनी झाकण काढलं, बाटली तोंडाशी नेली, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच माझ्या हातात दिली.

"आदी तू पी," म्हणाले. "मग मला दे."